इस्त्रीच्या फडक्याचं दान

जी वस्तू घरात ठेववत नाही आणि फेकून देववत नाही, तिला कला म्हणतात. अशा वस्तूंची अडचण ओळखूनच नगरपालिकेनं कलादालन काढलं. पहिली देणगी एका जावईबापूंची: सासऱ्यांची चौदा तैलचित्रं (सासरे गेले त्याच आठवड्यात). मग डॉक्टरीणबाईंचे एक्केचाळीस पेंढा भरलेले पक्षी आले. त्यातल्या सदतीसांना डोकं आहे. आज दालनात दोन हजार तीनशे बारा वस्तू आहेत. नऊ दिसतात, बाकीच्या त्यांच्या मागे आहेत.

नियम मोठा उदार. देणगी नाकारायची तर समितीची बैठक हवी. बैठकीची खोली देणग्यांनी भरलेली आहे. त्यामुळे आजवर एकही देणगी नाकारलेली नाही.

हे समोरच्या शिंप्याला काही पटेना.

"काहीही घेतील? माझं इस्त्रीचं फडकं घेतील?"

"पाटी लावून घेतील," शेजारचा सलूनवाला म्हणाला.

"शक्यच नाही. लाव पैज."

"मिशी?"

"मिशी."

बोलून बसला खरा. घरी बायको शांतपणे म्हणाली, "मी मिशी बघून होकार दिला होता. खाली काय निघेल त्याची जबाबदारी माझी नाही." बावीस वर्षांत त्यानंही ते पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यानं सात ठिकाणी जळलेलं फडकं कारकुनापुढे टाकलं. कारकुनानं मान वर केली नाही.

"माध्यम?"

"अहो, जळकं फडकं आहे."

'उष्णता', कारकुनानं लिहिलं. "शीर्षक?"

"कसलं शीर्षक, मूर्खपणा आहे सगळा."

तेही सुवाच्य अक्षरात लिहिलं गेलं.

"साहेब, नाही म्हणा ना. मिशीचा प्रश्न आहे."

"नाही म्हणायला बैठक लागते."

रविवारी दालनाच्या पायऱ्यांवर खुर्ची मांडली गेली. सलूनवाल्यानं फेस केला, वस्तरा चालवला. आतून बाहेर पडणारे लोक (त्यांत तुम्हीही) थबकले, माना तिरक्या करून बघू लागले. कारकुनानं सवयीनं भोवती दोरी बांधली (हात लावू नये).

बायकोनं समोर येऊन निघालेला ओठ बराच वेळ न्याहाळला. "चालेल," ती म्हणाली, "घरी चला." शिंप्याचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात टाळ्या सुरू झाल्या. पहिली टाळी तुमची. "यात फार खोल अर्थ आहे," असं तुम्ही शेजारच्याला सांगितलंत. त्यानं "कुठला?" विचारलं, तेव्हा तुम्ही घड्याळ बघितलंत.