दुश्मनाचं काम

आमच्या शाळेत दर सव्वीस जानेवारीला दुश्मन मरतो, आणि राष्ट्रगीत सुरू झालं की उठून सावधानमध्ये उभा राहतो. मंडपात खसखस पिकते, प्रमुख पाहुणे ओठ दाबून धरतात. तो दुश्मन म्हणजे आमचे पीटीचे राठोड सर. वय सत्तावन्न, मिशा पांढऱ्या, गुडघे दुखरे. देशभक्तीच्या नाटिकेत सगळे जवान सहावी-सातवीतले आणि शत्रू तेवढा सर, हा आर्णी तालुक्यातल्या आमच्या शाळेचा जुना रिवाज.

मला या माणसाचा फार राग यायचा. खरं सांगतो, अजूनही अधूनमधून येतो. शाळा म्हणजे छावणी, अशी त्यांची पक्की समजूत. उशिरा येणारं पोर ‘घुसखोर’, दुपारची खिचडी ‘रसद’ आणि आम्ही मास्तर मंडळी ‘बिनकामाची पलटण’. जानेवारी लागला की माझा मराठीचा तास हमखास परेडला जायचा. तक्रार केली की म्हणायचे, “हल्ला झाला तं कविता म्हणून दाखवान काय, मास्तर?”

नाटिकेचा तर विशेष राग. या वयात स्टेजचा एवढा सोस! गोळी लागल्यावर सर तीन मिनिटं मरतात. एकदा मरता मरता त्यांनी एका जवानाची वाकडी धरलेली लाकडी बंदूक सरळ करून दिली आणि मग प्राण सोडला. मेल्यावरही एका डोळ्याने रांग तपासणं चालूच.

यंदा नवे मुख्याध्यापक आले. बैठकीत म्हणाले, “शिक्षकानं स्टेजवर लोळणं बरं दिसत नाही. दुश्मन मुलांमधूनच घ्या.” मग यादीवर बोट ठेवून हसले. “ही सातवीतली सानिया घ्या. उंच आहे, आवाज आहे. दुश्मनाचे कपडेही तिला घरचेच मिळतील.”

सानिया ही बसस्टँडजवळच्या मेकॅनिकची मुलगी. परेडमध्ये तिच्यासारखा पाय अख्ख्या शाळेत कोणाचा पडत नाही. ‘कपडे घरचेच’ यावर दोघे-तिघे हसले. मी हसलो नाही, पण बोललोही नाही. चहाच्या कपात बघत बसलो. मला त्याची आजही लाज वाटते.

राठोड सर ताडकन उठले. गळ्यातली शिटी काढून टेबलावर आपटली.

“सानिया कॅप्टन राहीन! मले गोळी तिच्याच हातची लागन. दुश्मन मीच. नाही तं परेड तुम्हीच घ्या!”

पाहुणे ठरलेले होते आणि परेड दुसऱ्या कोणाला येत नव्हती. मुख्याध्यापकांनी चरफडत मान डोलावली.

मी सरांच्या मागोमाग मैदानावर गेलो. ते तरातरा फेऱ्या मारत होते. मी उगाच विचारलं, “सर, एवढं संतापायला काय झालं?”

“काय झालं?” ते माझ्यावरच ओरडले. “मी चौथीत होतो. नाटकात चोर पाह्यजे होता. गुरुजी म्हणले, तांड्यावरचं पोरगं घ्या, त्याले शिकवा लागत नाही. मी खूश, काम भेटलं म्हणून. माही याडी पाहाले आलती.” याडी म्हणजे त्यांच्या बंजारा बोलीत आई. “शिपायायनं मले मारलं अन् लोकायनं टाळ्या वाजवल्या. ती उठली, स्टेजवर चढली, मले काखेत उचललं अन् सीधी तांड्यावर. दोन साल शाळेत पाठवलं नाही तिनं. सानिया घरी जाऊन मायले काय सांगन, मास्तर? की मले दुश्मन केलं? काहून? म्हणून मी मरतो दरसाल!”

मग एकदम त्यांचा आवाज बसला. इतक्या वर्षांत मी तो एवढा हळू कधी ऐकला नव्हता.

“पन जूनमधी मी रिटायर होतो. पुढच्या साली कोन मरन?”

“मी मरतो, सर,” माझ्या तोंडून निघून गेलं.

त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि पुन्हा गरजले, “उद्या सकाळी सहाले मैदानावर या! कसं पडा लागते ते शिकवतो. अन् ते पोट घरी ठेवून या!”

दुसऱ्या दिवशी मी सहाला पोचलो. सर आधीच येऊन, दुखऱ्या गुडघ्यांवर बसून, मी जिथे पडणार होतो तिथले खडे वेचत होते.