रविवारीच घसरणारा पट्टा

मुळात एस्कोने एवढंच ठरवलं होतं, की या वेळी यारमोकडे जायचं नाही. यारमो म्हणजे शेजारचा गॅरेजवाला. माणूस वाईट नाही, कामही चोख. पण गाडीचं झाकण उघडलं की तो नाकातून एक लांब श्वास सोडतो आणि त्या श्वासात ‘हे कुणी करून ठेवलंय’ एवढं सगळं असतं. बत्तीस वर्षं पोस्टात इमानेइतबारे शिक्के मारलेल्या माणसाने (म्हणजे एस्कोने) म्हातारपणी तो श्वास किती वेळा ऐकून घ्यायचा?

गाडी म्हणजे बर्फगाडी. तिचं दुखणं एकच. गोठलेल्या तळ्यावरून ती सुसाट पळायची, पण पलीकडच्या टेकडीचा चढ लागला की क्लचचा पट्टा घसरायचा. इंजिन ठणाणा करायचं, जळक्या रबराचा वास सुटायचा आणि गाडी जागच्या जागी. आणि नेमके टेकडीच्या माथ्यावर राहायचे एस्कोचे सासरे.

सासऱ्यांचं नाव ओइवा, वय त्र्याऐंशी, घरात एकटे. वर रस्ता नाही. हिवाळ्यात जायचं तर बर्फगाडी, नाहीतर पाय. नाताळात सगळे पायी चढून त्यांच्याकडे जेवायला जमले तेव्हा एस्कोच्या बायकोने, रायलीने, विषय काढला.

“बाबांना उद्या काही झालं तर वर कोण पोचणार? तू? त्या गाडीवर?”

एस्कोने टेबलावर मूठ आपटली. कपबशा हलल्या. “बाबा कुठेही जाणार नाहीत. ज्या घरात सगळा जन्म काढला तिथून त्यांना हलवायचं? मी आहे ना. दर रविवारी सामान घेऊन दारात हजर होईन.”

सासऱ्यांनी कॉफीत पाव बुडवला आणि खाल्ला. बोलले काहीच नाहीत. आता आमच्याकडे माणूस गप्प बसला की तो गदगदून आलाय असं धरून चालतात. एस्कोनेही तसंच धरलं आणि त्याचे स्वतःचेच डोळे भरून आले.

रायली मात्र टेबलावर आपटलेल्या मुठीला भुलणारी नव्हती. फेब्रुवारी उजाडला तरी गाडी एकदाही वर पोचली नाही, तेव्हा तिने स्पष्ट सांगितलं, “महिनाअखेरच्या रविवारी सामानासकट बाबांच्या दारात गाडी उभी कर. नाही जमलं तर सोमवारी मी वृद्धाश्रमात कळवते. तिथे खोली रिकामी आहे.” एवढं बोलून ती भांडी घासायला वळली. तिलाही ते नकोच होतं, हे तिच्या पाठीवरून दिसत होतं.

मग एस्कोने गाडीचं पुस्तक उघडलं. त्याला कळलं ते असं : क्लच दोन. एक इंजिनाजवळ, एक मागे, आणि दोघांच्या मध्ये रबरी पट्टा. पुढच्या क्लचमध्ये छोटी वजनं, मागच्यात जाड स्प्रिंग. दोघांनी मिळून पट्टा घट्ट धरून ठेवायचा. एकाने हात सैल सोडला की पट्टा घसरला.

“संसारासारखंच आहे गं हे,” तो म्हणाला.

“टेबलावरून ती ग्रीस उचल,” रायली म्हणाली.

(बाहेर शून्याखाली अठ्ठावीस होतं. कारखाना स्वयंपाकघरातच निघाला होता.)

पहिल्या आठवड्यात त्याने मागची स्प्रिंग काढून जास्त कडक बसवायला घेतली. जुनी सुटली ती छताला लागून थेट माशाच्या सुपात. सूप रायलीच्या पडद्यांवर. पण शुक्रवारी घरामागच्या चढावर गाडी घातली तर काय चढली म्हणता. तिन्ही वेळा. एस्कोने शेजारच्या गॅरेजकडे बघून हॉर्न वाजवला. रविवारी टेकडीला लागला, आणि अर्ध्यावर पट्टा घसरला.

दुसऱ्या आठवड्यात पुढची वजनं बदलली. शुक्रवारी उत्तम. रविवारी घसरला. तिसऱ्या आठवड्यात क्लचच्या चकत्या पॉलिश पेपरने इतक्या घासल्या, की त्यांत बघून दाढी करता आली असती. शुक्रवारी उत्तम. रविवारी पुन्हा तेच.

दर वेळी एस्को पाठीवर पिशवी टाकून कमरेएवढ्या बर्फातून वर जायचा. दारात पोचेपर्यंत त्याच्या मिशांना बर्फाचे दात फुटलेले असायचे.

“गाडी?” सासरे विचारायचे.

“खाली.”

“हं.”

मग कॉफी.

एस्कोच्या डोक्यात एक सिद्धांत तयार झाला. रविवारची हवाच जड असते. शुक्रवारी पट्टा धरतो आणि रविवारी सोडतो, म्हणजे दोष वाराचा. हा सिद्धांत त्याने रायलीला ऐकवला. तिने त्याच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते बघितलं.

असा शेवटचा रविवार उजाडला. गाडीला जोडायची घसरगाडी रायलीने भरली : बटाटे, पीठ, औषधं, जाडी घोंगडी. ती आज स्वतः मागे बसणार होती. एस्को पट्टा न्यायला आत आला आणि बघतो तर कुत्री, पेनी, जमिनीवर पसरून पट्टा चाटतेय. तल्लीन होऊन.

“ए, सोड,” एस्को ओरडला. पेनीने शेपटी हलवली आणि दुसऱ्या बाजूने चाटायला घेतलं.

रायली दारात थांबली. “ती रबर का चाटतेय?”

“कुत्र्याचं काय, काहीही चाटतं.”

“माझे बूट नाही चाटत. यारमोचे पट्टे गॅरेजबाहेर टांगलेले असतात, तेही नाही चाटत. दे इकडे.” तिने पट्टा नाकाला लावला आणि डोळे मिटले. “एस्को, शनिवारी हा पट्टा कुठे असतो?”

आता सांगायलाच हवं. थंडीत पट्टा कडक होतो, म्हणून आमच्याकडे सगळेच तो घरात ऊबेला ठेवतात. एस्को एक पाऊल पुढे गेला होता. तो दर शनिवारी पट्टा सोबत घेऊन सौनात, म्हणजे घरच्या वाफेच्या खोलीत, शिरायचा. वरच्या फळीवर, सगळ्यात गरम जागी, पट्टा हारासारखा गळ्यात घालून बसायचा. आणि सौना म्हटली की भट्टीच्या दगडांवर भाजलेले सॉसेज आलेच.

“किती खातोस?” रायलीने विचारलं.

“दोन.” मग जरा थांबून, “कधी चार.”

“आणि हात कशाला पुसतोस?”

एस्कोचा हात आपोआप गळ्याकडे गेला, शनिवारी जिथे पट्टा असायचा तिथे. शनिवारी चरबी मुरायची, रविवारी पट्टा घसरायचा, सोमवार ते गुरुवार अंगणात गाडी फिरवून चरबी जळून जायची आणि शुक्रवारी गाडी हरणासारखी चढायची. स्प्रिंग बिचारी निर्दोष होती. वजनं निर्दोष होती. पडदे तर अगदीच निर्दोष होते.

रायलीने नाकातून एक लांब श्वास तेवढा सोडला. मग बाह्या सरसावून तिने पट्टा साबणाच्या कोमट पाण्यात घातला. एस्कोने स्पिरिटने चकत्या पुसल्या, जुनी स्प्रिंग आणि जुनी वजनं जागच्या जागी बसवली. दुपारी दोघं निघाली.

तळं संपलं. चढ लागला. नेहमीचं वळण आलं तसा एस्कोने श्वास रोखला, मागून रायलीने त्याचा कोट मुठीत धरला. इंजिनाचा आवाज वर गेला, क्षणभर तिथेच थांबला, आणि गाडी चढतच राहिली. भरल्या घसरगाडीसकट, वाकड्या झाडाच्या पुढे, जिथे ती कधीच आली नव्हती तिथून थेट सासऱ्यांच्या दारात. एस्कोने इंजिन बंद केलं. रायली त्याच्या पाठीवर डोकं टेकून रडत होती आणि हसतही होती. “जमलं रे. बाबा राहतील आता इथे.”

दार उघडलं. सासरे कोट, टोपी, मफलर घालून उभे. हातात दोन बॅगा, काखेत भिंतीवरचं घड्याळ.

“पोचलास एकदाचा,” ते म्हणाले. “बटाटे आत ठेवू नकोस. परत न्यायचेच आहेत.”

“कुठे?” एस्कोने विचारलं.

“वृद्धाश्रमात. जानेवारीतच फोन केला मी. खोली धरून ठेवलीय त्यांनी माझ्यासाठी.”

“पण बाबा,” रायली म्हणाली, “तुम्हाला तर इथेच राहायचं होतं ना?”

“कोण म्हणालं? इथे बोलायला आहे कोण? एक कोल्हा येतो, तोही गुरुवारी. तिथे पत्ते आहेत, दुपारची कॉफी आहे, माझा शाळेतला दोस्त लौरी आहे.”

“मग नाताळात का नाही बोललात?” एस्कोचा आवाज चिरकला.

“तू टेबलावर मूठ आपटलीस. म्हटलं, जावयाला एवढं वाटतंय, कशाला मन मोडा. गाडी वर आली की गुपचूप बसून जाऊ.” त्यांनी बॅगा घसरगाडीत ठेवल्या. “पण ती येईच ना.”

रायली मटकन पायरीवर बसली आणि दोन्ही हातांनी तोंड पुसत इतकी हसली, की महिनाभराचा घोर त्यातच निघून गेला. एस्कोलाही, खरं सांगायचं तर, छातीवरची धोंड उतरल्यासारखं वाटलं. चिडावं असं त्याच्या मनात होतं, पण जमेना.

वृद्धाश्रमाच्या दारात एक हसऱ्या बाई उभ्या होत्या. एस्कोने घामाघूम होऊन घड्याळ, बॅगा, बटाटे सगळं उतरवून दिलं. बाईंनी कौतुकाने विचारलं, “हे कोण तुमचे?”

“जावई,” सासरे म्हणाले. “यानेच मला दोन महिने वर अडकवून ठेवलं होतं.”