मिठाच्या पाण्याचा उंदीर

"सांगितलंस का मॅडमना?" फोनवर नवऱ्यानं विचारलं.

"आज सांगते."

"पंधरा दिवस तुझं 'आज'च चाललंय! संध्याकाळपर्यंत होकार कळवला नाहीस, तर ती नवी नोकरी गेली म्हणून समज."

भाचरं जिला उंदीरमावशी म्हणत, त्या संशोधिकेनं फोन ठेवला. ताणानं घाबरलेले उंदीर अंधारा कोपरा सोडत नाहीत. मेंदू स्वतःच बनवतो ते भीती शमवणारं न्यूरोस्टेरॉईड तेव्हा कमी पडत असावं. ते बाहेरून टोचलं तर उंदीर उजेडात येतात का, हे ती तपासत असे. आणि स्वतः? प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी तिला हाताला धरून काम शिकवलेलं, त्यामुळे राजीनाम्याचं बोलणं अगदी जिवावर आलं होतं. मॅडम लिफ्टनं येणार म्हणून ही मागच्या जिन्यानं पळे. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

नवऱ्याच्या फोनच्या धसक्यात पिंजऱ्याची कडी लावायची राहिली. एक उंदीर उतरला आणि भिंतीकडेनं नव्हे, कॉरिडॉरच्या मधोमध जावयाच्या ऐटीत चालू लागला.

"अगबाई! औषध लागू पडलं की!" ती हरखली. तेवढ्यात उंदीर मॅडमच्या केबिनमध्ये शिरला. आता आली का पंचाईत! जीव मुठीत धरून तीही शिरली.

खुर्ची रिकामी. टेबलावर उंदीर बिस्कीट कुरतडतोय. कपाटामागून ओळखीची चप्पल डोकावतेय.

"मॅडम, उंदराला घाबरलात?"

"उंदराला कोण घाबरतंय! तुझी पावलं ऐकली आणि लपले," मॅडम बाहेर येत म्हणाल्या. "आपला प्रकल्प बंद होतोय गं. तुला काढायचंय, हे कुठल्या तोंडानं सांगू? तू जिन्यानं गेलीस की मगच मी लिफ्टनं येते."

"अहो, मी तुम्हाला चुकवायला जिन्यानं जाते! मला दुसरी नोकरी लागलीय!"

दोघी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या.

"आपल्यापेक्षा हा शहाणा," मॅडम म्हणाल्या. "ते औषध उरलंय का गं थोडं? उंदीर सुटला हे संचालकांना सांगायला हवं."

तिनं उंदीर उचलला. शेपटीवर निळी खूण. औषधवाल्यांची लाल असते.

"मॅडम," ती खूण दाखवत म्हणाली, "ह्याला औषध दिलंच नव्हतं. तुलनेसाठी नुसतं मिठाचं पाणी टोचलं होतं."

मॅडमनी गुपचूप पर्स उचलली.

"बरं, संचालक कुठल्या जिन्यानं येतात?"