मोकाशीकाका जागा बघतात

मोकाशीकाकांकडून तुम्हाला एखादी वस्तू फुकट हवी असेल, तर आधी त्यांना तुमचं घर दाखवावं लागतं. नुसतं दाखवून भागत नाही. ती वस्तू कुठल्या भिंतीला लागणार, तिच्यावर ऊन किती वाजता येणार, तिच्या शेजारी काय असणार आणि मुख्य म्हणजे ती वापरणार कोण, या सगळ्याची उत्तरं द्यावी लागतात. काका खिशातून टेप काढतात, जागा मोजतात, दोन पावलं मागे सरकून मान तिरकी करून बघतात आणि "कळवतो" म्हणून निघून जातात. मुलगी बघायला आलेल्या मंडळींसारखे.

मी हे स्वतः भोगलंय. आम्ही नवीन पनवेलला एकाच मजल्यावर राहतो, दारं समोरासमोर. काकांना त्यांचं लिहायचं सागवानी टेबल द्यायचं होतं आणि माझ्या नववीतल्या सईला टेबल हवं होतं. मला वाटलं, दोघांनी उचलायचं आणि चार पावलं सरकवायचं. पण काका आधी टेप घेऊन आले. त्यांनी खिडकी उघडली, पडदा सरकवला, लांबवर दिसणारा कर्नाळ्याचा सुळका बघून मान डोलावली. मग सईला विचारलं, "तू अभ्यास बसून करतेस की पलंगावर लोळून?"

"लोळून," सई म्हणाली. तिला खरं बोलायची वाईट सवय आहे.

टेबल गेलं, असं मी मनात म्हटलं. काकांनी थोडा विचार केला. "बरोबर आहे. टेबल नव्हतं, म्हणून लोळत होती." आणि संध्याकाळी टेबल आलं.

चार दिवसांनी बेल वाजली. दारात काका. "टेबल कसं आहे?" त्यांनी विचारलं. आजारी माणसाची चौकशी करतात तसं, जरा आवाज खाली आणून.

मोकाशीकाकांची सगळी नोकरी जमीन मोजणी खात्यात गेली. पनवेल, उरण, कर्जत, जिथे दोन भावांचं बांधावरून वाजलं तिथे काका साखळी घेऊन उभे. त्यामुळे अर्ध्या फुटाची किंमत त्यांना माहीत आहे. सोसायटीच्या पार्किंगमधले पिवळे पट्टे चार इंचांनी चुकलेत, हे त्यांनी दोन वार्षिक सभांत सांगितलं. तिसऱ्या सभेला सेक्रेटरी सावंतांनी मुकाट्याने पट्टे पुन्हा मारून घेतले.

शालूकाकू तीन वर्षांपूर्वी गेल्या. घर तेव्हा इतकं भरलेलं होतं की सोफ्यावर बसायचं तर आधी काहीतरी उचलावं लागायचं. काकू काही टाकू देत नसत. त्या गेल्यावर एकदा पुण्याहून मुलगी आली आणि तिच्या डोळ्यांदेखत काका स्वयंपाकघरातल्या पाट्याला अडखळून पडले. फार लागलं नाही, पण मुलगी घाबरली. "बाबा, हा पसारा काढा. नाहीतर मी माणसं लावून एका दिवसात रिकामं करते."

एका दिवसात, हे ऐकून काका जास्त घाबरले. "मी काढतो," ते म्हणाले. "पण जागा बघितल्याशिवाय नाही."

त्याच सुमारास मलाही आवराआवरीचा झटका आला होता. मोबाईलवर कोणा बाईचा व्हिडिओ बघितला आणि दोन रविवारांत तीन पिशव्या भरल्या. त्या लिफ्टपाशी ठेवून वर चिठ्ठी लावली : हवं त्याने न्यावं. अर्ध्या तासाने काका तिन्ही पिशव्या घेऊन दारात.

"मेधा, हे चुकून बाहेर राहिलं."

"चुकून नाही काका, मी टाकलंय ते."

काका पिशव्या घेऊन आत आले आणि खुर्चीवर बसले. "हे इडलीपात्र किती वर्षं वापरलंस?"

"बारा-तेरा."

"आणि असं दारात सोडून आलीस?"

मला एकदम माहेरच्या कोणालातरी एस.टी. स्टँडवर विसरून आल्यासारखं झालं. पुढच्या पंधरा दिवसांत काकांनी त्या तिन्ही पिशव्यांतल्या एकेका वस्तूला घर शोधलं. इडलीपात्र सध्या 'बी' विंगच्या वॉचमनच्या बायकोकडे आहे. ती इडली करत नाही, ढोकळा करते. काकांची त्याला हरकत नाही. "कामात आहे ना," ते म्हणतात, "बस्स."

दिलेली वस्तू बघायला जाणं हा काकांचा रविवारचा कार्यक्रम. काकूंचं शिलाई मशीन त्यांनी जुन्या पनवेलच्या बाजारातल्या शकीलभाई टेलरला दिलं. त्याआधी तिघांना नाकारलं. एकीने 'कोपऱ्यात छान दिसेल, वर कुंडी ठेवीन' म्हटलं, तिथेच ते स्थळ मोडलं. शकीलभाई बिचारे अदबशीर माणूस. काका तेलाची बाटली घेऊन दुकानात शिरले की ते उठून उभे राहतात. "या चाचा, तशरीफ ठेवा. मशीनची तबियत एकदम अव्वल आहे." काका अर्धं मिनिट मशीनकडे बघतात, चाकाला हात लावतात, आणि मग तासभर बसतात. शकीलभाईंचा थोरला भाऊ कुवेतला असतो, त्याची काकांना जितकी खबरबात असते, तितकी मला माझ्या सख्ख्या भावाची नसते.

काकांना पाडणारा तो पाटा गेला नेरे गावाला. जनाबाई आमच्या गेटपाशी मंगळवारी आणि शनिवारी भाजी घेऊन बसते, वय साठीच्या पुढे. तिने पाटा मागितला, तेव्हा काका बसने नेऱ्याला जाऊन तिची पडवी बघून आले. आणि नंतर दर पंधरा-वीस दिवसांनी जात राहिले. जनाबाई शकीलभाईंइतकी अदबशीर नाही.

"काका, दगड हाय तो," ती गेटवर सगळ्यांसमोर म्हणाली. "त्याला काय ताप येतो? सारकं काय बगाया येता?"

"पाटा गुळगुळीत झालाय का, टाकी लावायला झालीये का बघायला," काका म्हणाले.

"मंग जेवूनच जावा या खेपेला. मागच्या टायमाला नुसता पाटा बगून ग्येलात."

असं करत करत घर रिकामं होत आलं. झोपाळा गेला, कपाट गेलं, पितळी डबे गेले. आणि गेल्या हिवाळ्यात एक भानगड झाली.

सेक्रेटरी सावंत माझ्याकडे आले. बसेनात. "मॅडम, तुम्ही समोर राहता म्हणून विचारतो. मोकाशींचं... म्हणजे तब्येत वगैरे ठीक आहे ना?"

"का हो?"

"लेडीजच्या तक्रारी आहेत."

मी हसलेच. पण सावंत हसत नव्हते. त्यांनी एकेक सांगितलं. तिसऱ्या मजल्यावरच्या कुलकर्णीवहिनींना काकांनी लिफ्टमध्ये विचारलं, "वहिनी, तुमचा नंबर काय?" वहिनींनी भिडेखातर मोबाईलचा नंबर सांगायला सुरुवात केली, तर काका म्हणाले, "बाप रे, एवढा मोठा कसा असेल?" दुसऱ्या एका बाईंना बागेत गाठून विचारलं, "दोन्हींचा सारखाच आहे की वेगवेगळा?" त्यांच्याकडे खरोखरच दोन सिमकार्डं होती, त्या हादरल्या. आणि 'सी' विंगच्या एका आजींना तर म्हणे विचारलं, "जवळून बघायला त्रास होतो का?"

"साठीच्या वरच्या बायकाच निवडतात," सावंत हळू आवाजात म्हणाले. "मी समज देणार होतो. पण म्हटलं, आधी तुम्ही बोला."

मी गेले तेव्हा काका खिडकीपाशी बसले होते. घरात आता एक खुर्ची, एक पलंग आणि आवाज घुमेल इतकी जागा उरली होती. कसं विचारावं कळेना. शेवटी म्हटलं, "काका, तुम्ही बायकांना नंबर का विचारता?"

काका उठले, कोनाड्यातून एक चष्म्याचं घर आणलं आणि माझ्या हातात दिलं. आत काकूंचा चष्मा. तपकिरी काड्यांचा, एका काडीला चिकटपट्टी लावलेला.

"डावा अडीच, उजवा पावणेतीन," काका म्हणाले. "जवळचा. एवढाच राहिलाय."

"अहो मग सरळ चष्म्याचं सांगायचं ना!"

"आधी सांगून बघितलं. गेलेल्या माणसाचा चष्मा म्हटलं की लोक एकदम नको म्हणतात. म्हणून म्हटलं, आधी नंबर जुळू दे. मग समजावू."

मी त्यांना सांगितलं की दवाखान्यात चष्मे जमा करायची पेटी असते, तिथे टाकू. काकांनी मान हलवली. "पेटीत टाकला की तो कोणी घातला ते मला कसं कळणार?"

मग मी त्यांना लोक काय समजले ते सांगितलं. त्यांना कळायला जरा वेळ लागला. कळल्यावर त्यांचे कान लाल झाले. "शालूला किती हसू आलं असतं," एवढंच म्हणाले. मी सावंतांना आणि तिन्ही बायकांना खरा प्रकार सांगितला. सगळे पोट धरून हसले, कुलकर्णीवहिनी तर शिरा घेऊन आल्या. पण काका हसले नाहीत. त्यांनी लिफ्ट सोडली, जिन्याने जायला लागले, तेही दुपारी, जिन्यात कोणी नसताना. तीन रविवार ते कुठेच गेले नाहीत. शकीलभाईंचा मला फोन आला : "चाचा खैरियत आहेत ना? मशीन आवाज करतंय, सांगा त्यांना." मशीन काही आवाज करत नसणार.

चौथ्या रविवारी मी गाडी काढली. "काका, जनाबाईकडून वाल आणायचेत. मला घर माहीत नाही, चला." ते नको नको म्हणत खाली आले. वर जाऊन शर्ट बदलून आले. चष्म्याचं घर खिशात होतं, ते मला गाडीत बसताना दिसलं.

जनाबाई पडवीत तांदूळ निवडत होती. सूप हातभर लांब धरून, मान मागे घेऊन. काका उभे राहून तिच्याकडे बघत राहिले. नेहमीप्रमाणे पाट्याकडे गेले नाहीत.

"जनाबाई," त्यांनी एकदम खाली बघत विचारलं, "तुझा नंबर... चष्म्याचा नंबर काय आहे?"

"हाय की. शाळंत डोळं तपासाया डाक्टर आलं व्हतं. चिट्टी दिली, चष्मा काय दिला नाय." तिने फडताळातून घडी पडलेला कागद काढून दिला. काकांनी तो उजेडात धरला, पुन्हा वाचला, मग मला वाचायला दिला. दोन्ही डोळे अडीच.

"उजव्याला पावाचा फरक आहे," मी म्हटलं.

"पावाने काय होतं?" काका म्हणाले. पार्किंगच्या चार इंचांसाठी दोन सभा घेणारा माणूस.

त्यांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, पण पुढे करेनात. "हा आमच्या हिचा आहे. म्हणजे... ती आता नाही, तुला माहीतच आहे. तुला चालणार नसेल तर—"

"न चालाया काय झालं?" जनाबाईने त्यांच्या हातातून चष्मा घेतला. "अवो, तिच्याच पाट्यावर वाटलेलं रोज खातो आमी."

तिने चष्मा डोळ्यांवर चढवला, काड्या कानांमागे नीट बसवल्या आणि सूप जवळ ओढलं. "आगं बाय! एवढं खडं व्हतं यात? आनि माजा ल्योक म्हनतो आये, भात कचकचतो, तं मीच त्याला वराडते!" ती खडे वेचत बसली, आम्ही आहोत हे विसरून. काका तिच्या बोटांकडे बघत होते.

मग तिला चहाची आठवण झाली. चष्मा न काढताच आत गेली, चहा घेऊन आली आणि काकांच्या पुढ्यात वाकून कपबशी देताना थांबली.

"काका, तुमची बटनं खाली-वर लागली हायत."

मला ते गाडीत बसतानाच दिसलं होतं. खरं सांगायचं तर त्याआधीही कितीतरी वेळा दिसलं होतं, कधी बटणं, कधी उलटा घातलेला स्वेटर. काकांना अवघड वाटेल म्हणून मी बोलायची नाही. बहुतेक सगळ्यांनाच तसं वाटत असणार, कारण काकू गेल्यापासून कोणीच बोललं नव्हतं.

काकांनी कपबशी खाली ठेवली. शर्टाकडे बघितलं. "कुठपासून?"

"दुसऱ्यापासनं."

त्यांनी सगळी बटणं सोडली आणि वरून एकेक लावायला सुरुवात केली. बोटं बटणावरून घसरत होती, वेळ लागत होता. जनाबाई समोर उकिडवी बसून त्या चष्म्यातून बघत राहिली, शेवटचं बटण लागेपर्यंत. मग काका जरा ताठ बसले.

"आता?"

"आता बराबर हाय."

काकांनी मान खाली घालून बशी उचलली. बशी हलत होती आणि चहा काठावर येत होता. जनाबाईने खालून एक बोट लावून ती स्थिर धरली.