द्वारकाबाई हजर

मलकापूरच्या एसडीओच्या, म्हणजे प्रांताच्या, ऑफिसच्या व्हरांड्यात शिपाई ‘द्वारकाबाई नथ्थू इंगळे’ असा पुकारा करतो आणि पांढऱ्या झुपकेदार मिशांचा एक सहा फुटी माणूस उभा राहून खणखणीत आवाजात म्हणतो, ‘‘हजर!’’

हे आमचे शेजारी नथ्थूजी. द्वारकाबाई त्यांची बायको. त्या वारल्याला चार वर्षं झाली.

आमच्या गावातला रस्ता चौपदरी व्हायचा आहे. त्यात आमच्या ओळीतल्या सगळ्या घरांच्या पुढच्या खोल्या जाणार. माझीही जाणार. समोरची मात्र तुळससुद्धा हलणार नाही, कारण समोर एक तीन मजली मंगल कार्यालय आहे. सरकारी रस्ता टेकडी फोडतो, नदी ओलांडतो. वजनदार माणसाच्या दारात आला की अदबीनं वाकतो.

नथ्थूजींनी जन्मभर जिनिंगमध्ये कापूस तोलला. ‘काटा मधात पायजे’, म्हणजे तराजूचा काटा बरोबर मध्यावर हवा, हे त्यांचं एकमेव तत्त्वज्ञान. पंगतीतल्या वाढप्यालाही ते हेच ऐकवतात. मोजणीवाले आले तेव्हा त्यांनी रस्त्याच्या मध्यावरून दोन्हीकडच्या खुणांपर्यंत पावलं मोजली.

‘‘साहेब, इकून अठरा, तिकून तीन. काटा कोनं दाबला बे?’’

साहेबाला ‘बे’ म्हणू नये, असं मी सुचवलं.

‘‘काऊन मास्तर? ‘जी’ म्हटल्यानं काटा सरळ होते काय?’’

घर द्वारकाबाईंच्या नावावर. पुढची खोली त्यांनी ब्लाउज शिवून शिवून उभी केलेली. त्यामुळे नोटीसही त्यांच्याच नावानं आली आणि नथ्थूजींनी हरकतही त्यांच्याच नावानं ठोकली. पहिल्या तारखेला एसडीओ साहेबांनी विचारलं, ‘‘अर्जदार कुठे आहेत?’’

‘‘मी आलो ना,’’ नथ्थूजी म्हणाले.

आमच्या वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. ‘‘काका, मेलेल्या माणसाची हरकत टिकत नाही. वारसाची नोंद करून तुमचं नाव लावा. नाहीतर खोली गेलीच समजा.’’

‘‘करू ना. एवढी काय घाई हाय?’’

अशा तीन तारखा गेल्या. तिसऱ्या तारखेहून परतताना बसमध्ये मी चिडलो. ‘‘नथ्थूजी, एका सहीसाठी घर घालवता?’’

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

‘‘मास्तर, म्या तिले कधी नावानं हाक मारली नाही. माय होती तवा लाज वाटे, मंग सवयच लागली नाही. ‘आयकलं काय’, बस. बाकीच्यायले ती पोराची माय. तिचं पुरं नाव त्या शिपायाच्याच तोंडून आयकलं. वाटते, कोनी तरी तिले बलावून राह्यलं.’’ मग म्हणाले, ‘‘खोली ठेवाव त नाव जाते. नाव ठेवाव त खोली जाते. काटा मधातच उभा हाय पाहा.’’

काटा मधात असून नथ्थूजी दुःखी, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

महिन्याभरात त्यांनी कुणाला न सांगता नोंद करून घेतली.

पुढच्या तारखेला व्हरांड्यात पुकारा झाला, ‘‘नथ्थू गणपत इंगळे!’’ नथ्थूजी हलले नाहीत. दुसऱ्यांदा झाला. ते शिपायाच्या तोंडाकडे बघत होते, अजून काहीतरी यायचं आहे तसे. तिसऱ्या पुकाऱ्यालाही उठले नाहीत तर हरकत निकालात निघणार होती.

तिसरा झाला. मी त्यांना कोपरानं ढोसलं.

ते उठले. ‘हजर’ म्हणाले नाहीत. टोपी नीट केली आणि आत जाताना शेजारी कुणी उभं असावं तसे हळूच म्हणाले,

‘‘चाल वं, द्वारका.’’