सुभेदारांचा रिकामा दिवस

दर अकरा महिन्यांनी आमचे घरमालक आम्हांला घराबाहेर काढत. भांडण नाही, तंटा नाही. आदल्या संध्याकाळी आमची मुलगी मंगल त्यांच्याच मांडीवर बसून गूळ-शेंगदाणे खात असे. पण सकाळी सातला अंगणात शिट्टी वाजली, की बायको-मुलीसह, गाद्या-पांघरुणांसह, स्टोव्ह आणि तुळशीच्या कुंडीसह मी बाहेर. दाराला त्यांचं कुलूप. दुसऱ्या दिवशी सातला पुन्हा शिट्टी, आणि पुन्हा आम्ही आत.

हे सुभेदार गणपतराव साळुंखे. मूळचे पाटणकडचे. पलटणीतून पेन्शनीत निघाल्यावर त्यांनी साताऱ्यात किल्ल्याच्या पायथ्याशी चार खोल्यांचं कौलारू घर बांधलं. बायको घर पुरं व्हायच्या आधीच गेली. एकुलता मुलगा फौजेत, त्याचं बिऱ्हाड तिकडं अंबाल्याला. दोन खोल्यांत सुभेदार एकटे आणि उरलेल्या दोन खोल्यांत, सत्तर सालच्या जुलैपासून, आम्ही तिघं. मी हायस्कुलात मास्तर.

पहिल्या भेटीत मी सरळ म्हणालो, "खोल्या भाड्यानं द्यायच्या आहेत असं कळलं."

सुभेदार उठले, रस्त्याकडची खिडकी लावून घेतली आणि हळू आवाजात म्हणाले, "मास्तर, ह्यो शब्द ह्या घरात न्हाई. भाडं न्हाई, भाडेकरू न्हाई. मी देनार ती परवानगी, तुमी देनार ती फी. तुमी लायसनदार."

त्या काळी भाडेकरूला कायद्याचा भक्कम आधार होता. एकदा माणूस भाडेकरू ठरला, की त्याला उठवता उठवता मालकाची हयात सरायची. म्हणून घरमालक अकरा महिन्यांचा 'लीव्ह अँड लायसन्स' करार करत. राहायची नुसती परवानगी, हक्क काही नाही. अकरा महिने झाले की नवा कागद, नव्या सह्या. सगळं गाव कागदावर भागवत होतं. सुभेदारांचं कागदावर भागत नसे.

"कागूद खोटं बोलतो, मास्तर. कबजा खोटं बोलत न्हाई. एक दिस घर रिकामं पायजे. माझं कुलूप, माझी किल्ली."

'भाडं' या शब्दाची तर त्यांना इतकी धास्ती, की एकदा मी भाड्याची सायकल आणली म्हणालो, तर त्यांनी मला अंगणाच्या कोपऱ्यात नेलं. "फीची सायकल म्हना. जिभेला सवय लागती, आन् मग साक्षीदारापुढं तोंडातनं जातं."

या सगळ्याचं मूळ सांगलीत होतं. तिथं त्यांच्या मेव्हण्यानं एका सद्गृहस्थाला दोन खोल्या दिल्या, त्याच्या मुलीच्या लग्नापुरत्या, दोन महिन्यांसाठी. लग्न झालं. मुलगी नांदायला गेली, बाळंतपणाला त्याच खोल्यांत आली, आणि आता तिचा मुलगा तिथंच राहून कॉलेजात जात होता. मेव्हणा कोर्टाच्या पायऱ्या झिजवत होता. सुभेदार ही हकीकत महिन्यातून एकदा तरी सांगत. पुढं पुढं सगळी हकीकत लागेनाशी झाली, गावाचं नाव पुरायला लागलं. मंगल खेळता खेळता त्यांच्या खोलीत झोपली, की ते मला हाक मारून म्हणत, "पोरीला न्या, गड्या. हितं माझी सांगली व्हईल."

आमच्या करारात एक कलम खिळ्यांचं होतं. भिंतीत खिळे सात. आठवा मारायचा नाही. रिकाम्या दिवशी सुभेदार दोन्ही खोल्यांतून काठी घेऊन फिरत आणि एकेका खिळ्याला काठीचं टोक लावून मोठ्यानं मोजत. माझी बायको सुशीला शिराळ्याची. पंचमीच्या नागाला न भिणाऱ्या गावची बाई सुभेदारांना काय भिणार? तिचा आरसा तीन वर्षं तांदळाच्या डब्यावर भिंतीला टेकून उभा होता, आणि दर खेपेला ती म्हणे, "आवं काका, आरशाला येक खिळा मारू द्या की. वाकून वाकून माझी मान गेली."

"कलम सात," सुभेदार म्हणत. "आज आठवा खिळा, उद्या फळी, परवा माळा. लोकं असंच घर गिळत्यात."

बरं, त्या रिकाम्या दिवशी आम्ही जायचं कुठं? तर शेजारच्या दोन खोल्यांत, सुभेदारांकडे. हा त्यांच्या कायद्यातला सगळ्यात बहारदार भाग. शिट्टी वाजेपर्यंत मी लायसनदार, आणि वाजली की पाव्हणा.

"पाव्हण्याला कायदा लागत न्हाई," ते सांगत. "म्हनून तर तुमाला हितं ठेवता येतं."

एरवी सुभेदारांची चूल थंड असे. दोन वेळचा डबा खानावळीतून यायचा. पण रिकाम्या दिवशी ते पहाटेपासून चुलीशी. पलटणीतल्या मापानं मटण शिजायचं, एवढं की चौघांनी तीन दिवस खावं. सुशीलेला ते पाण्याच्या तांब्यालाही हात लावू देत नसत. मंगलसाठी जिलबी. जेवताना मुलाचं शेवटचं पत्र वाचून दाखवायचं. ते दर खेपेला बहुधा तेच असे, पण आम्ही नव्यानं ऐकायचो. दुपारी पत्ते. संध्याकाळी मंगलला खांद्यावर घेऊन पोवई नाक्यापर्यंत चक्कर. आणि पडवीत चौघांच्या अंथरुणांची रांग, तीही दोरी धरल्यासारखी सरळ. मला हा सगळा खटाटोप हास्यास्पद वाटे. शाळेत मी तो नकलांसह सांगत असे आणि मास्तरमंडळी हसून लोळत.

त्र्याहत्तर साली मात्र कायदाच बदलला. त्या फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेला जो कोणी चालू करारावर लायसन्सनं राहत होता, तो एकदम भाडेकरू ठरला. आमचा तिसरा करार मार्चअखेर संपत होता. म्हणजे त्या तारखेला आम्ही घरात होतो.

आमच्या शाळेतल्या एका मास्तरांचा भाऊ वकील होता. त्यानं मला बजावून सांगितलं, "आता तुम्हांला कोणी हलवू शकत नाही. फक्त एक करा, या खेपेला बाहेर पडू नका. सामान काढून किल्ली हातात दिलीत, तर आपण होऊन कबजा सोडला असं होईल. मालकानं दार उघडलं नाही तर बसाल बोंबलत."

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. साताऱ्यात खोल्या मिळायची मारामार होती. आता जन्माची काळजी मिटली होती. मी घरी येऊन सुशीलेला सांगितलं, "शिट्टी वाजली तरी उठायचं नाही."

ती नुसतीच म्हणाली, "काकांना कळलंय?"

कळलं होतं. त्यांच्याही वकिलानं त्यांना सांगितलं होतं. चार दिवस ते अंगणात आले नाहीत. मंगल हाक मारायला गेली, तर आतूनच "उद्या ये, पोरी" म्हणाले.

करार संपल्याच्या दुसऱ्या दिवशी मी सहापासून जागा होतो. सात वाजले. शिट्टी वाजली नाही. साडेसात झाले. मी जिंकलो होतो, पण चहा काही गोड लागेना. तेवढ्यात मटणाचा वास आला. सुशीला मागच्या दारानं डोकावून आली.

"आवं, काकांनी सैपाक केलाय. जिलबीचा पुडा हाय. चार पानं मांडून खाली मान घालून बसल्यात."

"मग बोलवत का नाहीत?"

"ते तुमीच इचारा."

मी गेलो. सुभेदारांनी वर पाहिलं नाही. "तुमी आता भाडेकरू, मास्तर," ते म्हणाले. तो शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला. "भाडेकरूला भाईर काडता येत न्हाई. मी शिट्टी मारली तर गुन्हा व्हईल. कायदा म्हंजे कायदा."

"मग हे जेवण?"

"सवय," ते म्हणाले. "अकरा म्हैनं वाट बगतो न्हवं मी."

मला माझी लाज वाटली. तीन वर्षं मी ज्या दिवसाच्या नकला करत होतो, तो दिवस हा माणूस मोजत होता, आणि मी ते नुसतं कायद्याचं भय समजत होतो.

मागं वळून पाहतो तो सुशीला अंगणात. डोक्यावर गादी, हातात स्टोव्ह. मागून तुळशीची कुंडी घेऊन मंगल. दाराला कुलूप. वकिलानं सांगितलेलं सगळं मी तिला शब्दन् शब्द सांगितलं होतं, आणि तरी ती किल्ली पुढं धरून उभी होती. मी पुढं होऊन तिच्या हातातला स्टोव्ह घेतला.

"घ्या काका. घर रिकामं हाय."

सुभेदारांनी किल्लीकडे पाहिलं. तो एक हात पुढं झाला असता, तर त्यांचं घर कायमचं मोकळं झालं असतं. त्यांनी दोन्ही हात पाठीमागं बांधले.

"किल्ली घेतली तर कबजा व्हतो, पोरी. ठेव तुझ्यापाशी. आन् घरात जा, भाडेकरूनं असं भाईर येऊ न्हाई."

"भाडेकरू कोन? आमी पाव्हणं म्हनून आलोय. पाव्हण्याला कायदा लागत न्हाई म्हनत व्हता न्हवं?"

सुभेदार मिशीतल्या मिशीत हसले आणि गादी तिच्या डोक्यावरून उतरवून घेत म्हणाले, "झाली. माझी बी सांगली झाली. चला, पानावर बसा."

त्या दिवशी पत्र वाचलं गेलं, पत्ते झाले, पोवई नाकाही झाला. दुसऱ्या दिवशी सातला आम्ही आमच्याच किल्लीनं आमचं दार उघडलं. मी गाद्या आत टाकतोय तोवर सुभेदार दारात हजर. मला वाटलं, खिळे मोजायला आले. पण हातात काठी नव्हती, हातोडी होती.

"आरसा कुटं लावायचा म्हनत व्हतीस, पोरी?"

सुशीलेनं खिडकीजवळची जागा दाखवली. त्यांनी आठवा खिळा दोन दणक्यांत मारला, आरसा टांगला, आणि मागं सरून त्यात पाहत मिशी नीट केली.

"लय उंच तर न्हाई झाला?"