गोमाजीचं नाव

माणूस एकदा थोर ठरला, की त्याचं नाव घरच्यांच्या उपयोगाचं राहत नाही. समुद्रावर शत्रूशी लढलेल्या गोमाजी सारंगांना थोर ठरायला तीनशे वर्षं लागली (आपल्याकडे कामाला वेळ लागतोच). १९६० साली आरमाराने एका कोऱ्या फ्रिगेटला त्यांचं नाव दिलं. या युद्धनौकेवर तोफा होत्या, रडार होतं आणि गरम पाण्याचे नळ होते. गोमाजींकडे एक गलबत होतं आणि बाकी सगळा राग.

मुरुडचा चांगदेव कोळी त्यांचा वंशज. दहा पिढ्यांत घराण्याच्या अकरा होड्या फुटल्या, पण बाराव्या होडीचं नावही ‘गोमाजी’च. बातमी कळताच चांगदेवाची छाती फुगली; त्याच्या बायकोने, केसरने, होडीला झेंडूचा हार घातला. हार सुकायच्या आत बंदर कचेरीची नोटीस आली: एका समुद्रात एका नावाची दोन जहाजे असू नयेत, सबब लहान जहाजाने नाव सोडावे. तोवर मासेमारी बंद.

ऐन बांगड्याचे दिवस! शेजाऱ्यांच्या होड्या भरून येत होत्या. चांगदेव कचेरीत धावला. हेडक्लार्क विठोबा राऊतांनी उठून त्याला नमस्कार केला (थोरांच्या वंशजांना नमस्कार करावा, असं परिपत्रक होतं).

“सायेब, गोमाजी आमचाच मानूस हाय.”

“पुरावा?”

“होरीवर नाव हाय ना!”

“ते रद्द झालंय.”

“मंग बायकोचं घालतू. केसर.”

“आणि उद्या त्या थोर निघाल्या तर?”

“ती? ती परवा मामलेदाराशी भांडली.”

“बघा!” राऊतांनी घाबरून फाइल मिटली. मग त्यांना दया आली. “असं नाव आणा, की ज्याच्या हातून कधी काही घडणारच नाही.”

चांगदेवाने मिटलेल्या फाइलकडे बघितलं, मग राऊतांकडे. “तुमचं चालंल?”

राऊतांच्या बावीस वर्षांच्या नोकरीत त्याच दिवशी निकालात निघालेला हा एकमेव अर्ज.

दुसऱ्या सकाळी ‘विठोबा राऊत’ समुद्रात गेली. आठवड्याने लांबून फ्रिगेट जाताना दिसली. चांगदेवाने जाळं सोडून हात जोडले. डोळे का भरले, ते त्याला कळलं नाही. फ्रिगेटला तो दिसला नाही.

पुढे अशा घोटाळ्यांना आळा बसावा म्हणून कचेरीने कायमची बिनधोक नावं जमवून यादी केली. ती बरीच लांब आहे. वाचकांनी आपलं नाव शोधायची तसदी घेऊ नये; आहे.